विश्लेषण : परदेशातली मोठ्या पदाची नोकरी एकाला, जोखीम मात्र सगळ्या घराला, असं का?

परदेशात वरिष्ठ पदावर जायची संधी आली की घरात पहिला प्रश्न पॅकेजचा निघतो. मग घर कुठे मिळेल, मुलांच्या शाळेचं काय, याची चर्चा होते. व्हिसाचा विषय 'ते कंपनी बघून घेईल' म्हणून शेवटी ढकलला जातो. २०२५ च्या उत्तरार्धात अमेरिकेत जे घडलं, त्यानंतर हा क्रम उलटा करायची वेळ आली आहे. कारण ऑफर लेटरवर नाव एकाचंच असतं, पण त्या एका नोकरीवर जोडीदाराचं काम, मुलांचं शिक्षण आणि त्या देशात राहण्याचा सगळ्यांचाच हक्क टांगलेला असतो.

नेमकं काय घडलं?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बी व्हिसाबाबतच्या जाहीरनाम्यावर सही केली. २१ सप्टेंबरपासून देशाबाहेरच्या उमेदवारासाठी केल्या जाणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. मधल्या दोन दिवसांत एकच गोंधळ उडाला. काही कंपन्यांनी परदेशात असलेल्या कर्मचाऱ्यांना तातडीनं परतायला सांगितलं. आधीच व्हिसा असलेल्यांना हे शुल्क लागू नाही, हा खुलासा नंतर आला.

डिसेंबरमध्ये दुसरा धक्का बसला. एच-१बीसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याचा नियम १५ डिसेंबरपासून लागू झाला. अर्जदारांनी आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, अशी सूचना देण्यात आली. या तपासणीमुळे भारतातल्या दूतावासांमधल्या अनेक मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नकार्यासाठी किंवा सुट्टीसाठी भारतात आलेली, पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन परत जायच्या तयारीत असलेली माणसं इथेच अडकली. काहींची नोकरी, भाड्याचं घर आणि मुलांची शाळा तिकडे सुरू होती. तिसऱ्या देशात जाऊन व्हिसा घेण्याचा मार्गही उरला नव्हता, कारण अर्ज शक्यतो आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा, असं सप्टेंबरमध्येच सांगण्यात आलं होतं.

एच-१बी मंजुऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा सुमारे ७० टक्के असतो. त्यामुळे याचा सगळ्यात मोठा फटका भारतीय घरांना बसणं साहजिक होतं.

कुटुंबाचा व्हिसा वेगळा असतो का?

कागदावर असतो, अर्थानं नसतो. बहुतेक देशांत नोकरी करणाऱ्याला मुख्य परवाना मिळतो आणि नवरा, बायको, मुलं यांना 'अवलंबित' म्हणून परवाना दिला जातो. मुख्य परवाना संपला, की अवलंबितांचाही संपतो. म्हणजे घरातल्या चार माणसांपैकी तिघांचा राहण्याचा हक्क चौथ्याच्या नोकरीवर अवलंबून असतो.

अमेरिकेत वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी दोन मार्ग प्रामुख्यानं वापरले जातात. एक एच-१बी आणि दुसरा एल-१. कंपनीच्याच भारतातल्या शाखेतून बदली होऊन जाणाऱ्यांसाठी एल-१ असतो. त्यासाठी मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग त्या कंपनीच्या परदेशातल्या शाखेत काम केलेलं असावं लागतं. व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या एल-१ए व्हिसाची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं, तर एच-१बीची सर्वसाधारण मुदत ६ वर्षं आहे. १ लाख डॉलरचं शुल्क एल-१ला लागू नाही, म्हणून कंपन्यांना तो आता अधिक सोयीचा वाटू शकतो.

कुटुंबासाठी मात्र या दोन्हींत मोठा फरक आहे. एल-१ वाल्याच्या जोडीदाराला पोहोचल्यापासून नोकरी करता येते. नोव्हेंबर २०२१ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर त्यासाठी वेगळ्या परवान्याची वाट बघावी लागत नाही. एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला असा सरसकट हक्क नाही. २०१५ च्या नियमानुसार मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल, तरच त्याला किंवा तिला कामाचा परवाना मागता येतो. तिथवर पोहोचायला काही वर्षं जाऊ शकतात.

मग एल-१ चांगलाच म्हणायचा? पूर्णपणे नाही. एच-१बी वाल्याला दुसरी कंपनी शोधून व्हिसा तिकडे वळवता येतो. एल-१ एकाच कंपनीशी बांधलेला असतो. ती नोकरी गेली, तर दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी नव्यानं वेगळा व्हिसा मिळवावा लागतो. शिवाय जोडीदाराचा कामाचा हक्कही त्याच व्हिसावर उभा असतो. म्हणजे घरात दोन पगार येत असले, तरी एका नोकरीबरोबर दोन्ही थांबू शकतात. 'दोघंही कमावतो, एकाचं गेलं तरी निभेल' हा इथला हिशेब तिथे लागू पडत नाही.

जोडीदाराच्या नोकरीचं इतर देशांत काय?

सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून नियम कडक झाले. त्याआधी अवलंबित पासवर असलेल्यांना साध्या संमतिपत्रावर नोकरी करता येत होती. आता काही अपवाद सोडता जोडीदारालाही स्वतःचा वर्क पास मिळवावा लागतो, म्हणजे पगाराच्या आणि पात्रतेच्या अटी स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात.

जर्मनीत चित्र उलट आहे. युरोपीय संघाचं ब्लू कार्ड घेऊन जाणाऱ्याच्या जोडीदाराला लगेच, कोणत्याही क्षेत्रात काम करता येतं. येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा देण्याचीही सक्ती नाही. पण कायद्यानं दार उघडलं म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. आयटीत इंग्रजीवर भागतं. मात्र डॉक्टर, शिक्षिका, वकील किंवा मनुष्यबळ विभागात काम केलेल्या व्यक्तीला जर्मन आल्याशिवाय पुढे जाणं अवघड जातं.

ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावरच्या व्यक्तीच्या जोडीदाराला काम करता येतं. दुबईत कुटुंबाच्या व्हिसावर राहणाऱ्या जोडीदारालाही काम करता येतं. नोकरी देणाऱ्या कंपनीनं कामाचा परवाना काढावा लागतो.

हा मुद्दा फक्त पैशांचा नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक रोझाली टंग यांनी १९८२ मध्ये अमेरिकी, युरोपीय आणि जपानी बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशातली नेमणूक फसण्याचं अमेरिकी कंपन्यांनी सांगितलेलं पहिलं कारण अधिकाऱ्याची कामातली कमतरता हे नव्हतं. जोडीदाराला तिथे जुळवून घेता न येणं, हे होतं. तो काळ एका पगारावर चालणाऱ्या घरांचा होता. आज पुण्यात किंवा मुंबईत बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई नवऱ्याच्या बदलीमुळे घरी बसते, तेव्हा तिचा पगार तर जातोच. पण ओळख, सहकारी आणि स्वतःच्या नावावरचे निर्णयही जातात. परतल्यावर सीव्हीमधल्या त्या तीन-चार वर्षांच्या खंडाचं उत्तर तिलाच द्यावं लागतं. बायकोच्या बदलीमुळे नवरा मागे मागे जातो तेव्हा अडचण तीच असते. वर 'तू काय करतोस मग?' हा नातेवाइकांचा प्रश्न येतो तो वेगळाच.

नोकरी गेली तर किती दिवस मिळतात?

पॅकेज बघताना हा आकडा सहसा कुणी विचारत नाही, पण कुटुंबासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. अमेरिकेत नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल, तर त्याहूनही कमी. सिंगापूरमध्ये पास रद्द झाल्यावर साधारण ३० दिवसांचा अल्पकालीन पास मिळतो. ब्रिटनमध्ये व्हिसा आखडता घेतला जातो, तेव्हा सहसा ६० दिवस दिले जातात.

युरोपीय संघाच्या ब्लू कार्ड नियमांत थोडी सवड आहे. कार्ड दोन वर्षांपेक्षा कमी काळ असेल तर तीन महिन्यांची, त्याहून जास्त काळ असेल तर सहा महिन्यांची बेकारी सहन केली जाते. संयुक्त अरब अमिरातींमध्ये व्हिसाच्या प्रकारानुसार ही सवलत काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत असते.

साठ दिवसांत काय काय करावं लागतं, याची यादी केली तरी अंदाज येतो. नवी नोकरी शोधणं, नाही मिळाली तर भाडेकरार मोडणं, गाडी विकणं, मुलांना शाळेतून काढणं, सामान पाठवणं आणि भारतात भर वर्षात नव्या शाळेत प्रवेश मिळवणं. त्यात एक अडचण वरिष्ठांची खास असते. वरच्या पदांवर जागा कमी आणि निवडीच्या फेऱ्या जास्त. तीन-चार महिने चालणारी निवड प्रक्रिया साठ दिवसांत बसत नाही.

मुलांच्या बाबतीत घड्याळं किती?

किमान तीन. पहिलं शाळेच्या वर्षाचं. दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, तर ब्रिटिश किंवा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. कंपनीची रुजू होण्याची तारीख यातली कुठलीच पाळत नाही.

दुसरं घड्याळ त्या त्या देशाच्या शिक्षणपद्धतीचं. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत कोण जाणार, हे बऱ्याच अंशी तेव्हा ठरतं. नऊ-दहा वर्षांचं मूल भाषा न येता तिथे पोहोचलं, तर त्याच्या हुशारीची परीक्षा परक्या भाषेत होते. सिंगापूरमध्ये परदेशी मुलांना सरकारी शाळेत जागेची हमी नाही. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि जागा असेल तरच नंबर लागतो. नाही तर महागड्या आंतरराष्ट्रीय शाळा. तिथे पालकांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलाला पुढे सुमारे दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवाही करावी लागते. हे माहीत नसताना कायम रहिवासाचा अर्ज भरणं महागात पडतं.

तिसरं घड्याळ वयाचं. अमेरिकेत मूल २१ वर्षांचं झालं की अवलंबित व्हिसा संपतो. नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आहे आणि कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. पाचव्या वर्षी तिथे गेलेलं, तिथेच वाढलेलं मूल एकविसाव्या वर्षी परदेशी विद्यार्थी ठरू शकतं. एल-१ए वरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ग्रीन कार्डसाठी वेगळ्या, तुलनेनं छोट्या रांगेत उभं राहता येतं. मुलाचं वय बारा-तेराच्या पुढे असेल, तर ती प्रक्रिया कंपनी कधी सुरू करणार, हे आधीच विचारलेलं बरं.

परतायचा विचार असेल तर महाराष्ट्रातले नियमही बघावे लागतात. राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी-बारावी सर्वसाधारणपणे राज्यातूनच झालेली असावी लागते. 'दहावीपर्यंत तिकडे राहू, मग बघू' हा बेत त्यामुळे डॉक्टर व्हायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीच्या वाटेत येऊ शकतो.

आणि आई-वडील?

अमेरिकेच्या एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर आई-वडिलांना अवलंबित म्हणून नेता येत नाही. ते पर्यटक म्हणून येतात आणि साधारणपणे एका वेळी सहा महिने राहू शकतात. सिंगापूरमध्ये त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा पास मागायचा, तर महिना १२ हजार सिंगापूर डॉलर पगाराची अट आहे.

पण खरी अडचण बऱ्याचदा इथे, विम्यात निघते. भारतातल्या अनेक कंपन्यांच्या गटविम्यात कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांचा समावेश असतो. पगार परदेशातल्या शाखेतून सुरू झाला की हे संरक्षण संपतं. सत्तरीच्या आसपास, मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागतो. विमा नियामकानं २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, तरी तीन वर्षं कमी नाहीत. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. मात्र ती नोकरी सुटण्याआधी किंवा सुटताच मागावी लागते. विमानाचं तिकीट काढण्याआधी करायचं हे काम आहे.

पॅकेजमधून काय वजा करायचं?

ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पाउंड आणि मुलामागे ७७६ पाउंड आहे. तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी आगाऊ भरावा लागतो. दोन मुलांच्या कुटुंबाला पाच वर्षांसाठी १८,११० पाउंड होतात. व्हिसाचं शुल्क त्यावर वेगळं. कंपनी फक्त कर्मचाऱ्याचा अधिभार भरणार की चौघांचा, यानं काही लाखांचा फरक पडतो.

अमेरिकेत पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात. निवृत्तिवेतनासाठी साधारण दहा वर्षांची वर्गणी लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नाही, त्यामुळे पाच वर्षांत परतणाऱ्याचे ते पैसे तिथेच राहतात. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा देशांशी भारताचे करार आहेत. भारतातल्या कंपनीनं तात्पुरतं पाठवलं असेल, तर भविष्य निर्वाह निधी संघटनेचं प्रमाणपत्र दाखवून दुहेरी वर्गणी टाळता येते.

दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरं. पण तिथे अनुदानित शाळाही नाही. घरभाडं पुढच्या तारखांच्या मोजक्या चेकनं, मोठ्या रकमांत द्यायची पद्धत आहे. नोकरी सुटल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. पगारपत्रकात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त असतील, तर ही रक्कम आपोआप आक्रसते.

कागदपत्रांत मराठी कुटुंबं कुठे अडकतात?

नावात. लग्नानंतर बदललेलं नाव, विवाह प्रमाणपत्रावरचं माहेरचं नाव, पासपोर्टवर आडनावाआधी नवऱ्याचं नाव आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच रूप, हे आपल्याकडे रोजचं आहे. अवलंबित व्हिसाचा अर्ज मात्र याच कागदांवर उभा असतो. नाव जुळत नसेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र लागतं. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर लागतं. बहुतेक पाश्चात्त्य देशांसाठी त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का चालतो. संयुक्त अरब अमिरातींसाठी त्यांच्या दूतावासाचीही मोहोर घ्यावी लागते. या सगळ्यात काही आठवडे सहज जातात. नोकरदार पुढे जातो आणि बायको-मुलं मागे राहतात, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

ऑफर स्वीकारण्याआधी काय मागता येतं?

वरिष्ठ पदावरच्या माणसाकडे इतरांकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे वाटाघाटीची ताकद. ती सही करण्याआधीच असते, नंतर नाही. बहुतेक जण ती पगाराचा आकडा वाढवण्यात खर्च करतात. कुटुंबाच्या दृष्टीनं अधिक मोलाच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

जोडीदाराला काम करता येईल असाच व्हिसा प्रकार, आणि ते शक्य नसेल तर शिक्षणाचा किंवा परवान्याच्या परीक्षांचा खर्च. शाळेची फी, तीही वर्षाच्या मध्ये नोकरी संपली तरी सत्र पूर्ण होईपर्यंत. ग्रीन कार्ड किंवा कायम रहिवासाची प्रक्रिया कधी सुरू होणार, याची लेखी तारीख. नोकरी संपवायची वेळ आली तर लांब नोटीस, कारण नोटीस काळात माणूस पगारावर असतो आणि अमेरिकेतले साठ दिवस सहसा त्यानंतर मोजायला सुरुवात होते. चौघांच्या परतीचा खर्च. आणि बदलीवर जाणाऱ्यांसाठी, भारतात परतल्यावर कोणत्या पातळीची जागा मिळणार याचा करारात उल्लेख.

यातल्या सगळ्या मागण्या मान्य होतील असं नाही. पण कोणत्या नाकारल्या गेल्या, यावरूनही जोखीम किती आणि ती कुणाच्या खांद्यावर, हे कळतं. दोन देशांतल्या ऑफरची तुलना करताना पगाराच्या आकड्याशेजारी आणखी तीन आकडे लिहिले पाहिजेत : जोडीदाराला कितव्या महिन्यापासून काम करता येईल, मुलांचं वय किती आणि मुक्काम किती वर्षांचा, आणि नोकरी गेली तर हातात किती दिवस. मोठ्या पगाराची ऑफर या तीन आकड्यांवर नापास होत असेल, तर निदान निर्णय घेताना ते घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. कारण सामान त्या सगळ्यांनाच बांधायचं असतं.